दिवा विझविणे आणि दोष काढणे

अहिल्यानगरहून छत्रपती संभाजीनगरकडे जाताना घोडेगावपाशी वळले की शनिशिंगणापूरचा रस्ता लागतो. घरांना दारे-कुलपे नसलेले गाव म्हणून त्याची ख्याती आहे. २०११ साली युको बँकेने तेथे शाखा उघडली, तीही कुलपावाचून. शनी अमावास्येला तेथे मोटारींची एकच दाटी होते आणि त्यांतील अनेकींपुढे लिंबू-मिरचीचा दोरा लोंबत असतो. गाडीच्या रक्षणाची जी काळजी त्या दोऱ्यात दिसते, तिचा अल्पांश तरी चालकापुढील फलकावरच्या एका लहानशा दिव्याच्या वाट्याला येतो काय?

हा दिवा एअरबॅगचा. किल्ली फिरविताच तो काही सेकंद पेटतो आणि विझतो. यंत्रणेने स्वतःला तपासून पाहिल्याची ती खूण होय. तो विझला नाही तर विद्युतजोडणीत कोठेतरी दोष आहे आणि ऐन अपघातात पिशवी फुगेलच अशी खात्री उरलेली नाही, असे समजावे. तो मुळी पेटलाच नाही, तर संशय अधिकच घ्यावा. आपल्या देशात चालकापुढील एअरबॅग १ जुलै २०१९ पासून सक्तीची झाली, तर शेजारच्या आसनापुढील १ एप्रिल २०२१ पासून नव्या मॉडेलांना. त्या काळातल्या गाड्या आता जुन्या बाजारात हातोहात फिरू लागल्या आहेत. शिक्षक, कारकून अशा वर्गाची पहिली मोटार बहुधा याच बाजारातून येते, हे ध्यानी घेतले म्हणजे प्रश्नाचे गांभीर्य कळते.

दोष पुष्कळदा क्षुल्लक असतो. पुढच्या आसनाखाली पिवळ्या रंगाची जोडणी असते. आसन मागेपुढे करताना, सामान कोंबताना ती सैल होते. कधी उंदीर वायर कुरतडतो, कधी बॅटरी क्षीण झालेली असते, तर कधी स्टिअरिंगमध्ये गुंडाळलेली विद्युतफीत वळून वळून तुटते. दुरुस्तीची शिस्त मात्र कडक आहे. प्रथम स्कॅनर लावून दोषाचा संकेतांक वाचावयाचा. मग बॅटरीची ऋण वायर सोडून उत्पादकाने सांगितलेली मिनिटे थांबावयाचे, कारण यंत्रणेत साठलेला विद्युतभार लगेच ओसरत नाही. पिशवीच्या टोकांना साधा मल्टिमीटर कदापि लावावयाचा नाही. त्याच्या अल्प प्रवाहानेही स्फोटक पेटण्याचा धोका असतो. जोडणी साफ करून वा सुटा भाग बदलून मगच संकेतांक पुसावयाचा आणि दिवा पुन्हा येतो का ते पाहावयाचे. नुसता संकेतांक पुसणे म्हणजे दुरुस्ती नव्हे.

येथे अर्थशास्त्राचा संबंध येतो. जॉर्ज अकरलॉफ यांनी १९७० साली जुन्या मोटारींच्या बाजारावर एक निबंध लिहिला आणि पुढे २००१ मध्ये ते नोबेलचे मानकरी ठरले. विक्रेत्याला माहीत असलेला दोष ग्राहकाला कळत नसेल, तर खराब माल चांगल्या मालाला बाजारातून हुसकावतो, असे त्यांचे प्रतिपादन. अमेरिकेत अशा खराब गाडीला 'लिंबू' म्हणतात. आपण लिंबू बाहेर टांगतो, इतकाच फरक! एअरबॅगच्या दुरुस्तीत तर ग्राहकाला काम झाल्यावरही काही कळत नाही. पिशवी जन्मात एकदाच उघडावयाची, आणि बहुतेकांची सुदैवाने कधीच नाही. मग काही रुपयांचा रेझिस्टर पिशवीच्या जागी जोडून संगणकाला फसविले जाते. दिवा विझतो, पैसे स्वस्तात वाचतात, दोघेही संतुष्ट. कुटुंब मात्र पिशवी नसल्यासारखेच प्रवास करीत राहते.

याचे खापर केवळ मेकॅनिकवर फोडणे मला मान्य नाही. स्कॅनर घेऊन तासभर दोष शोधणारा माणूस दर जास्त सांगतो आणि आपणच उठून शेजारच्या गॅरेजात जातो. शिंगणापूरचा विश्वास टिकतो तो चोराला शनीचा कोप होईल या श्रद्धेवर आणि लहान गावातील ओळखीवर. गॅरेजच्या व्यवहारात कोप नाही, ओळख नाही आणि शासनाचा डोळाही नाही. अहिल्यानगरचीच व्ही.आर.डी.ई. ही संस्था नव्या वाहनांच्या नमुन्यांची चाचणी करणाऱ्या देशातील मोजक्या संस्थांपैकी एक आहे. पण गाडी एकदा विकली गेली, की खासगी मोटारीला पंधरा वर्षे योग्यता तपासणी नाही. मध्यंतरी तपासला जातो तो फक्त धूर. कारखान्यातून आलेली यंत्रणाही निर्दोष असतेच असे नाही. जानेवारी २०२३ मध्ये मारुती सुझुकीने एअरबॅगच्या नियंत्रकातील संभाव्य दोषासाठी १७,३६२ गाड्या परत बोलाविल्या होत्या. निदान तो दोष जाहीर झाला.

नवी सरकारी तपासणी म्हणजे दलालांना नवे कुरण, ही भीती रास्त आहे; म्हणून मी तिची मागणी करीत नाही. दुरुस्तीच्या पावतीवर संकेतांक लिहावा आणि बदललेला भाग ग्राहकाच्या हाती द्यावा, एवढे बंधन पुरे. मालकी हस्तांतराच्या नमुना २९ वर, एअरबॅग कार्यरत आहे व तिच्या जोडणीत फेरफार केलेला नाही, असे विक्रेत्याच्या सहीचे एक वाक्य वाढवावे. त्याला छपाईपलीकडे खर्च नाही आणि फसवणूक झाल्यास ग्राहक आयोगापुढे ठेवण्यास कागद हाती राहतो. तोवर जुनी गाडी घेणाऱ्याने किमतीची घासाघीस सुरू करण्यापूर्वी स्वतः किल्ली फिरवून दिवा पेटतो आणि विझतो का, ते पाहावे, आणि मग स्कॅनर असलेल्या, विक्रेत्याच्या ओळखीच्या नव्हे अशा, गॅरेजात गाडी न्यावी.