हप्ता मृगाआधी यायला हवा

पीएम-किसान योजनेवरची आपल्याकडची चर्चा एकाच आकड्याभोवती घुटमळते. वर्षाला दोन हजारांच्या तीन हप्त्यांत मिळणारे सहा हजार म्हणजे दिवसाला जेमतेम साडेसोळा रुपये, एवढ्यात चहाही धड होत नाही, असे टीकाकार म्हणतात. समर्थक सांगतात की 2019 पासून तीन लाख कोटींहून अधिक रक्कम मधल्या कुणाचाही हात न लागता शेतकऱ्यांच्या खात्यात गेली. दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत आणि शेतकरी कुटुंबाच्या आयुष्यात नेमके काय बदलले, हे दोन्हींतून कळत नाही. शेतकऱ्याला पैसा दिवसाच्या हिशेबाने लागत नाही, हंगामाच्या हिशेबाने लागतो. पेरणीच्या आठवड्यात हातात असलेले दोन हजार आणि पीक उगवून आल्यावर खात्यात पडलेले दोन हजार यांची किंमत सारखी नसते. थेट रोख मदतीचा गुण तिच्या वेळेत आणि खात्रीत आहे. ही योजना मोजायची असेल, तर ती याच मापाने मोजली पाहिजे.

आधी या कुटुंबांची मिळकत पाहू. राष्ट्रीय नमुना सर्वेक्षणाच्या 2018-19 च्या पाहणीनुसार देशातल्या शेतकरी कुटुंबाचे सरासरी मासिक उत्पन्न 10,218 रुपये होते. त्यातले पिकातून आलेले 3,798 रुपये आणि मजुरीतून आलेले 4,063. म्हणजे शेतकरी म्हणवणारे सरासरी कुटुंब शिवारापेक्षा रोजंदारीवर अधिक कमावत होते. निम्म्या कुटुंबांवर कर्ज होते. पिकाच्या कमाईशी ताडून पाहिले तर महिन्याला पाचशे रुपये म्हणजे साधारण आठवा हिस्सा होतो. हा हिस्सा किरकोळ नाही आणि घर उभे करणाराही नाही. त्याचा उपयोग कुठे होतो, हे जूनच्या पहिल्या पंधरवड्यात कळते. मागच्या हंगामाचा पैसा संपलेला असतो, शाळेचा खर्च समोर असतो, बँकेचे पीककर्ज मंजूर व्हायचे असते आणि थकबाकीदाराला तर बँकेचे दार बंदच असते. मग कृषी सेवा केंद्रात उधारी होते. उधारीच्या गिऱ्हाइकाला भाव करता येत नाही, दुकानदार देईल ते वाण घ्यावे लागते. पुष्कळदा माल निघाल्यावर तो त्याच व्यापाऱ्याला घालावा लागतो. म्हणजे उधारीचे व्याज कागदावर दिसते त्याहून कितीतरी जास्त असते.

अशा वेळी दोन हजार रुपयांत काय येते? 2025 च्या खरिपातल्या दराने बीटी कापसाच्या बियाण्याची दोन पाकिटे येतात, कारण एका पाकिटाचा दर 901 रुपये होता. किंवा 1,350 रुपयांची डीएपीची एक गोणी आणि वर युरियाच्या दोन गोण्या येतात. एवढ्याने पूर्ण शेत पेरले जात नाही, पण एखाद्या एकराची उधारी टळते आणि दुकानात बोलण्याची पत येते. ही नुसती अटकळ नाही. आंतरराष्ट्रीय अन्न धोरण संशोधन संस्थेच्या अभ्यासकांनी उत्तर प्रदेशात पीएम-किसानच्या सुरुवातीच्या काळात केलेल्या पाहणीत हाच धागा सापडला. हंगामात हप्ता मिळालेल्यांचा खर्च प्रामुख्याने शेतीकडे वळला, हंगामाबाहेर मिळालेल्यांचा घरखर्चाकडे. कृषी विज्ञान केंद्राचा सल्ला मिळणाऱ्या शेतकऱ्यांमध्ये सुधारित वाण स्वीकारण्याला या पैशाने हातभार लावला. रक्कम तीच, माणसेही त्याच कुवतीची. फरक पडला तो वेळेमुळे.

आता हप्त्यांच्या तारखा पाहा. एप्रिल ते जुलै या चार महिन्यांचा, म्हणजे खरिपाच्या कामी येऊ शकणारा हप्ता 2021 मध्ये 14 मे रोजी आला, 2022 मध्ये 31 मे रोजी. पुढे 2023 मध्ये तो 27 जुलैला, 2024 मध्ये 18 जूनला आणि 2025 मध्ये थेट 2 ऑगस्टला आला. 2025 मध्ये तर महाराष्ट्रात पाऊस मे महिन्यातच दाखल झाला होता. ऑगस्ट उजाडेपर्यंत पेरण्या उरकून कोळपण्या सुरू झाल्या होत्या. हप्त्याची तारीख पंचांगातल्या मृगाशी जुळत नाही, ती सोहळ्याच्या तारखेशी जुळते. 2024 मध्ये फेब्रुवारीचा हप्ता यवतमाळच्या आणि ऑक्टोबरचा वाशिमच्या कार्यक्रमातून वितरित झाला. एक कळ दाबली की नऊ-दहा कोटी खात्यांत पैसे जातात, ही व्यवस्था देशाने कष्टाने उभी केली आहे. पण कळ दाबायचा दिवस आधी ठाऊक नसेल तर शेतकरी त्या पैशावर बेत आखू शकत नाही. बेभरवशाचा पैसा हाती आला की खर्च होतो, त्यातून नियोजन होत नाही.

रोख मदतीवरचा पहिला आक्षेप ठरलेला आहे: फुकटचा पैसा दारूत जातो आणि माणसे आळशी होतात. हा आक्षेप जितक्या ठामपणे मांडला जातो, तितका पुरावा त्याच्या पाठीशी नाही. जगभरातल्या रोख मदत योजनांचे अनेक अभ्यास जागतिक बँकेच्या संशोधकांनी एकत्र तपासले, तेव्हा दारू-तंबाखूवरचा खर्च वाढल्याचे आढळले नाही; काही ठिकाणी तो घटलाच होता. आपल्या शेजारचे उदाहरण मध्य प्रदेशाचे आहे. ‘सेवा’ या संघटनेने युनिसेफच्या साह्याने 2011-12 च्या सुमारास तिथल्या काही गावांत प्रत्येक माणसाला कुठलीही अट न घालता दरमहा रोख रक्कम दिली. सुरुवातीला प्रौढाला 200 आणि मुलामागे 100 रुपये होते, पुढे ते 300 आणि 150 झाले. काम कमी झाले नाही. उलट लोक दुसऱ्याच्या बांधावरची मजुरी सोडून स्वतःच्या शेतात जास्त राबू लागले, जनावरे वाढली, बी-बियाण्यावरचा खर्च वाढला. आळसाचा आरोप करणाऱ्यांच्या लक्षात येत नाही की गरीब शेतकऱ्याला स्वतःच्या शेतात काम करायलाही भांडवल लागते. ते नसले की ऐन कामाच्या दिवसांत त्याला दुसऱ्याकडे मजुरीला जावे लागते आणि स्वतःची निंदणी मागे पडते.

रोख रकमेचा परिणाम एका घरापुरता राहत नाही. केनियातल्या सियाया भागात ‘गिव्हडायरेक्टली’ संस्थेने साडेदहा हजारांहून अधिक गरीब कुटुंबांना प्रत्येकी सुमारे एक हजार डॉलर दिले. अर्थतज्ज्ञांनी सहाशेहून अधिक गावांत याचा माग काढला, तेव्हा दिलेल्या प्रत्येक डॉलरमागे स्थानिक अर्थव्यवस्थेत सुमारे अडीच डॉलरची उलाढाल वाढल्याचे दिसले. पैसे न मिळालेल्या घरांनाही त्याचा लाभ झाला आणि महागाई नगण्य वाढली. मेक्सिकोने 1994 मध्ये मुक्त व्यापार करारानंतर शेतकऱ्यांना हेक्टरी रोख मदत सुरू केली, तिथेही एका पेसोमागे दीड ते अडीच पेसोंचे उत्पन्न वाढल्याचे अभ्यासकांनी नोंदवले. इथे सावधही राहायला हवे. केनियातली रक्कम त्या कुटुंबांच्या वर्षभराच्या खर्चाच्या पाऊण पट होती आणि ती थोड्याच महिन्यांत हाती आली. आपल्या सहा हजारांकडून तेवढ्या चमत्काराची अपेक्षा करणे चूक. पण गावात आलेला पैसा बहुतांशी गावातच फिरतो, ही गोष्ट आपल्या तालुक्याच्या बाजारपेठेलाही लागू होते.

सर्वांत गंभीर आक्षेप खुद्द शेतकरी चळवळीतून येतो. ‘भीक नको, हवे घामाचे दाम’ ही शरद जोशींच्या शेतकरी संघटनेची घोषणा चार दशकांनंतरही जुनी झालेली नाही, आणि त्याला कारण आहे. 2024-25 मध्ये सोयाबीनचा हमीभाव क्विंटलला 4,892 रुपये होता आणि राज्यातल्या कित्येक बाजार समित्यांत माल चार हजारांच्या आसपास विकला जात होता. दहा क्विंटल विकणाऱ्याचे क्विंटलमागे सातशे रुपये गेले असे धरले, तरी सात हजारांचा फटका बसतो. पीएम-किसानची वर्षाची रक्कम एका विक्रीत गेली. डिसेंबर 2023 मध्ये घातलेल्या निर्यातबंदीने कांदा उत्पादकाचे झालेले नुकसान तर तीन हप्त्यांनी भरून निघण्यातले नव्हतेच. म्हणून सरकार रोख मदतीला भावाचा पर्याय म्हणून दाखवत असेल, तर ती फसवणूक आहे. मात्र यावरून रोख मदतच नको, असा निष्कर्ष निघत नाही. भावाचा लाभ विकायला माल असणाऱ्याला होतो. दोन एकर कोरडवाहू जमिनीतले निम्मे धान्य घरीच खाणारे कुटुंब, पाऊस दगा दिल्याने पीकच हाती न आलेले कुटुंब, यांना वाढीव भाव काय देणार? देशातल्या 86 टक्के खातेदारांकडे दोन हेक्टरांपेक्षा कमी जमीन आहे. भाव हा पिकाचा हक्क आहे आणि रोख मदत हा पिकाची खात्री नसलेल्या घराचा टेकू. दोन्हींचे काम वेगळे असल्याने एकाच्या नावाखाली दुसरे टाळता येणार नाही.

योजनेची खरी उणीव सातबाऱ्यात आहे. पैसे कसणाऱ्याला मिळत नाहीत, जमीन नावावर असणाऱ्याला मिळतात, आणि तेही 1 फेब्रुवारी 2019 पर्यंत नाव लागले असेल तर. त्यानंतर फक्त वारसाहक्काने आलेली जमीन धरली जाते. ठोक्याने किंवा बटईने शेती करणारा पावसाचा आणि भावाचा धोका उचलतो, हप्ता मात्र शहरात राहणाऱ्या मालकाच्या खात्यात जातो. राबणाऱ्या हातांत मोठा वाटा बायकांचा असताना 2015-16 च्या कृषी गणनेत महिला खातेदार 14 टक्क्यांच्या आसपासच होत्या. नवरा गेल्यावर फेरफार अडकलेली विधवा या यादीत येतच नाही. हे अटळ आहे असे कुणी सांगू नये. ओडिशाने 2018-19 मध्ये आणलेल्या ‘कालिया’ योजनेत बटईदार होते आणि भूमिहीन कुटुंबांना शेळीपालन, कुक्कुटपालनासाठी साडेबारा हजार रुपयांची तरतूद होती. आंध्र प्रदेशाच्या ‘रयतू भरोसा’ने दुर्बल समाजघटकांतल्या कुळांना सामावून घेतले. उलट तेलंगणाच्या ‘रयतू बंधू’ने एकरी मदत देताना सुरुवातीला जमिनीची मर्यादाच ठेवली नाही, ज्याची जमीन मोठी त्याची रक्कम मोठी, आणि कूळ बाहेर. या तिन्हींतून धडा घ्यायला महाराष्ट्राला कुणी अडवलेले नाही. राज्याने 2023 पासून ‘नमो शेतकरी महासन्मान निधी’चे आणखी सहा हजार सुरू केले, पण ते केंद्राच्याच यादीवर. त्यामुळे यादीतली चूक दुप्पट झाली.

खर्चाचा मुद्दाही टाळता येत नाही. पीएम-किसानवर केंद्र वर्षाला साठ हजार कोटींच्या घरात खर्च करते. खतांच्या अनुदानावर दीड लाख कोटींहून अधिक जातात. त्यामुळे सारी अनुदाने मोडीत काढून रोख द्या, असा सल्ला अधूनमधून दिला जातो. तो घातक आहे. दोन हजारांच्या हप्त्यातून कालवा होत नाही, गोदाम होत नाही, कृषी सहायकाची रिकामी जागा भरली जात नाही. दुसरीकडे, 2019 मध्ये ठरलेले सहा हजार आजही सहा हजारच आहेत, आणि मधल्या काळात किरकोळ महागाईचा निर्देशांक एक-तृतीयांशाहून अधिक वाढला आहे. म्हणजे रक्कम न घटवताही मदत घटली. संसदेच्या कृषीविषयक स्थायी समितीने डिसेंबर 2024 मध्ये ही रक्कम बारा हजार करण्याची आणि कूळ व शेतमजुरांचाही विचार करण्याची शिफारस केली, ती याच जाणिवेतून.

रक्कम वाढवायला पैसा लागतो आणि त्यावर वाद होत राहील. पण तारीख पक्की करायला एक रुपयाही लागत नाही. खरिपाचा हप्ता दरवर्षी मे महिन्याच्या अखेरीपर्यंत आणि रब्बीचा ऑक्टोबरच्या सुरुवातीला जमा होईल, अशी तरतूद योजनेच्या नियमांतच करावी. सोहळे मग हवे तेव्हा करावेत. राज्याने आपल्या सहा हजारांसाठी केंद्राच्या यादीबाहेरचे बटईदार आणि नावावर जमीन नसलेल्या शेतकरी महिला यांची नोंद ग्रामसभेत करून घ्यावी. केंद्राने रक्कम महागाईशी जोडावी. यातले पहिले काम येत्या हंगामाआधी होऊ शकते. ते झाले नाही, तर अडचण तिजोरीची नव्हती, इच्छेची होती, असे म्हणायला शेतकरी मोकळा आहे.