निरुपद्रवी धडधडीचे औषध

छातीत एखादा ठोका चुकून पुढचा दणक्याने पडतो, म्हणून धास्तावलेला मनुष्य जेव्हा ईसीजी, टूडी एको, चोवीस तासांचा होल्टर आणि थायरॉईड व हिमोग्लोबिनच्या तपासण्या यथासांग पार पाडतो, आणि ‘घाबरण्यासारखे काही नाही’ असा निकाल त्याच्या पदरी पडतो, तेव्हा त्याची खरी पंचाईत सुरू होते. कारण त्या दाखल्यासोबतच बहुधा बीटा-ब्लॉकर गोळीची चिठ्ठीही हाती येते, आणि दोष नसेल तर ही गोळी कशासाठी, याचा उलगडा कोणी केलेला नसतो.

अशा धडधडीचे सामान्य कारण म्हणजे अवेळी पडणारा ठोका. हृदय पुरते भरण्यापूर्वीच पडल्यामुळे तो क्षीण असतो. त्यामागून किंचित विराम येतो, त्या अवधीत नेहमीहून अधिक रक्त साठते आणि पुढचा ठोका जोराने पडतो. रुग्णाला भेडसावतो तो बहुतेक वेळा हा पुढचा, म्हणजे नियमित, ठोका. दिवसाकाठी पडणाऱ्या सुमारे १ लाख ठोक्यांत असे काही अवेळी ठोके पुष्कळ निरोगी माणसांतही आढळतात.

तेव्हा ते औषधाने दाबले म्हणजे आयुष्य सुरक्षित झाले, हा तर्क वरकरणी बिनतोड वाटला, तरी त्याची परीक्षा एकदा फार महाग पडली आहे. हृदयविकाराचा झटका येऊन गेलेल्या रुग्णांवर अमेरिकेत झालेल्या ‘कास्ट’ या चाचणीत एन्कॅनाइड व फ्लेकॅनाइड या औषधांनी असे ठोके दाबले खरे. परंतु औषध घेणाऱ्यांतील मृत्यू निष्क्रिय गोळी घेणाऱ्यांच्या दुपटीहून अधिक भरल्याने १९८९ साली त्या दोन औषधांचा प्रयोग मध्येच थांबवावा लागला. ते रुग्ण निराळे आणि ती औषधेही निराळी होती, म्हणून त्या निष्कर्षाचा बडगा आजच्या साध्या बीटा-ब्लॉकरवर उगारणे अन्यायाचे होईल; तथापि कागदावरचा आकडा उतरणे आणि माणसाचे कल्याण होणे या दोन भिन्न गोष्टी आहेत, एवढा बोध त्यातून निर्विवाद निघतो.

निरुपद्रवी धडधडीत गोळी द्यायची ती त्रास निवारण्यासाठी. आयुर्मर्यादा वाढविण्यासाठी नव्हे. ज्याची झोप उडाली आहे, ज्याने भीतीपोटी चालणे सोडले आहे, त्याने काही काळ ती घेण्यात कमीपणा मुळीच नाही. उलट, ज्याला केवळ अभयवचन हवे होते आणि ते मिळाले, त्याला रोजची गोळी आपण रुग्ण आहोत याचीच नित्य आठवण करून देईल. शिवाय गोळीचीही काही किंमत असते: थकवा येतो, हातपाय गार पडतात, नाडी मंदावते, दमेकऱ्याला ती बाधू शकते, इन्सुलिन घेणाऱ्या मधुमेह्याला साखर उतरल्याची सूचना देणारी धडधड ती झाकून टाकते, आणि एकदा सुरू केल्यावर ती परस्पर, एकाएकी बंद करणे इष्ट नसते. जागरण, मद्य आणि ज्याला बाधतो त्याचा चहा, यांचा बंदोबस्त आधी करून पाहणे हेच शहाणपणाचे.

मात्र निरुपद्रवीपणाचा निकाल कायमचा नसतो. शुद्ध हरपणे, श्रम करताना धडधड उठणे, घराण्यात कोणाचा तरुण वयात आकस्मिक मृत्यू झालेला असणे, किंवा होल्टरमध्ये दर दहा ठोक्यांमागे एक वा अधिक अवेळी आढळणे, यांपैकी काहीही असल्यास प्रकरण पुन्हा तपासावयास हवे.

धोका आहे की नाही, हे ठरविण्याचा अधिकार डॉक्टरांचा. त्रास किती होतो, हे सांगण्याची मुखत्यारी रुग्णाची. म्हणून चिठ्ठी लिहिण्यापूर्वी डॉक्टरांनी ‘ही गोळी तुम्हाला बरे वाटावे म्हणून आहे, घेतली नाही तरी चालेल, हवी का?’ एवढे स्पष्ट विचारावे. आणि रुग्णानेही महिना-दोन महिन्यांनी, किती ठोके दबले याची मोजदाद न करता, आपली झोप, आपले चालणे आणि आपला कामधंदा पूर्ववत झाला की नाही, यावरूनच गोळीचा निवाडा करावा.