पत्र्याखाली काय?

नगरकडे हल्ली स्लॅबवर पत्र्याची शेड टाकून एक जास्तीची खोली काढणं अगदी नेहमीचं झालंय. पत्रा कुठल्या कंपनीचा, रंग कोणता, यावर घरात आठवडाभर खल चालतो. पत्र्याखाली काय लावायचं ते मात्र मिस्त्री ठरवतो, आणि तेही फक्त उन्हाचा विचार करून. मग थर्माकोल येतो, त्याखाली पीव्हीसीचं छत, आणि दोन्हींमधल्या पोकळीतून वायरिंग! माझ्या मते घरातली सगळ्यात धोक्याची जागा हीच.

थर्माकोल १०० अंशांच्या आसपासच मऊ पडतो, पुढे वितळून पेटतो. पीव्हीसी जळताना आम्लाचा झोंबरा धूर सोडतं. आणि आगीत बऱ्याचदा ज्वाळेआधी धूरच माणसाला गाठतो.

६ नोव्हेंबर २०२१ ला नगरच्या जिल्हा रुग्णालयाच्या अतिदक्षता विभागात आग लागली आणि ११ कोविड रुग्ण गेले. तेव्हा फायर ऑडिटवर खूप बोललं गेलं. पण आपल्या शेडचं ऑडिट करायला कोण येणार? ते आपणच करायचं.

आपली जुनी माळवदं आठवा. खाली लाकूडच, पण वर पांढऱ्या मातीचा जाड थर. ऊनही अडायचं आणि वरून ठिणगी पडली तरी माती काही पेटायची नाही. आज तेच काम रॉकवूल आणि त्याखाली सिमेंट फायबर किंवा कॅल्शियम सिलिकेटचा बोर्ड करू शकतो. जिप्सम बोर्डही आगीत चांगला. जिप्सममध्ये वजनाच्या साधारण पाचव्या भागाइतकं पाणी बांधलेलं असतं; त्याची वाफ होईपर्यंत उष्णता पुढे सरकत नाही. पण पत्रा गळला की साधा जिप्सम भिजून लोंबतो, म्हणून पत्र्याला लागून तो नको.

आणखी एक. बोर्ड न जळणं वेगळं आणि छताने आग अडवून धरणं वेगळं. दुकानदार '६० मिनिटं' म्हणतो, तो आकडा नुसत्या बोर्डाचा नसतो. जाडी, सांगाडा, स्क्रू, सांधे अशा सगळ्या जोडणीचा असतो. तेव्हा चाचणीचा कागद मागा आणि त्यात लिहिलंय तसंच बसवून घ्या.

खर्च वाढतो, कबूल. पण मग पीओपीची नक्षी कमी करा की!

असो. तुमच्या पत्र्याखाली काय आहे? एकदा शिडी लावून बघा आणि सांगा.