पुन्हा फॉरमॅट मारण्याआधी

विंडोज १० चा नेहमीचा आधार मायक्रोसॉफ्टने १४ ऑक्टोबर २०२५ ला थांबवला आणि घरातल्या चालत्या संगणकांवर विंडोज ११ किंवा उबुंटू टाकण्याची खटपट सुरू झाली. खटपट म्हटली की ती मध्येच अडकणारही. अडकल्यावर शेजारचा जाणता, भाचा आणि दुकानदार असे तिघेही एकच उपाय सांगतात : 'पुन्हा फॉरमॅट मार.' माझी तक्रार या उपायाबद्दल आहे. इन्स्टॉलेशन कुठल्या पायरीवर थांबलं, यातच बहुतेक वेळा दोषाचा पत्ता असतो. तो न वाचता डिस्क पुसली की दोष जागेवरच राहतो, डेटा मात्र जातो.

डिस्क निवडण्याच्या पडद्याचंच बघा. तिथे विंडोज सांगतं की या डिस्कवर एमबीआर पद्धतीची विभागणी आहे, म्हणून पुढे जाता येत नाही. ही विभागणी १९८३ च्या पीसी-डॉस २.० पासूनची, संगणक सुरू करणारं आजचं यूईएफआय मात्र जीपीटी नावाची नवी पद्धत मागतं. म्हणजे डिस्क धडधाकट असते, नुसता दोन जमान्यांचा मेळ बसत नसतो. गंमत अशी, की बूट मेनूत एकच पेनड्राइव्ह अनेकदा दोन ओळींत दिसतो : एका ओळीत नावाआधी 'यूईएफआय' लिहिलेलं, दुसरीत नुसतं नाव. कुठली ओळ निवडली यावर पुढचं सगळं ठरतं. लिनक्स टाकणाऱ्याला कधी कधी दुसरी ओळ निवडूनही काम भागवता येतं. विंडोज ११ ला यूईएफआयच लागतं. पण जुनं विंडोज १० अजून सुरू होत असेल, तर त्यातच 'एमबीआर-टू-जीपीटी' नावाची आज्ञा २०१७ पासून आहे आणि तिच्या अटींत डिस्क बसत असेल तर फायली न पुसता विभागणी बदलता येते. याच पडद्यावर काही लॅपटॉपांना डिस्कच दिसत नाही. अकराव्या पिढीपासूनच्या इंटेल यंत्रांत त्याचं एक नेहमीचं कारण म्हणजे व्हीएमडी ही सोय : इन्स्टॉलरकडे तिचा ड्रायव्हर नसतो. ड्रायव्हर पेनड्राइव्हवर घेऊन दाखवला की डिस्क हजर. तेवढं न केल्यास चांगल्या एसएसडीला मृत ठरवून नवी विकत घेतली जाऊ शकते. 'हा संगणक विंडोज ११ चालवू शकत नाही' हा निकालही नेहमी अंतिम नसतो. त्याला लागणारं टीपीएम हे सुरक्षेचं साधन अनेकदा यंत्रात असतंच, बायोसमध्ये फक्त बंद ठेवलेलं असतं. इंटेलच्या यंत्रात ते पीटीटी या नावाखाली सापडतं, एएमडीच्या यंत्रात एफटीपीएम.

फायली उतरताना काम थांबलं तर संशयाची दिशा बदलते. 'फाइल खराब आहे किंवा सापडत नाही' हे वाचून आपण डिस्ककडे बोट दाखवतो. पण ती फाइल येते पेनड्राइव्हवरून आणि उलगडली जाते रॅममध्ये. उतरवलेली आयएसओ फाइल अर्धवट असेल, पेनड्राइव्ह दगा देत असेल किंवा रॅमची एक पट्टी सदोष असेल, तर डिस्क कितीही वेळा पुसा, उत्तर तेच. आयएसओचा चेकसम जुळवायला काही मिनिटं लागतात. रॅमसाठी मेमटेस्ट रात्रभर लावून ठेवता येतो. उबुंटूचा पेनड्राइव्ह तर सुरू होताना स्वतःच्या फायली स्वतःच तपासतो. (ती तपासणी कंटाळून मध्येच तोडणारे आपणच.) आणि पहिल्या रीस्टार्टनंतर पुन्हा पहिलाच पडदा आला, तर बहुधा काहीच बिघडलेलं नसतं. संगणक परत पेनड्राइव्हवरून सुरू झालेला असतो; तो काढायचा.

यावर कोणी म्हणेल, फॉरमॅट मारल्यावर चालतं की! चालतं, हे खरंच. जुन्या विभागणीचा अडथळा असेल तेव्हा तोच इलाज लागू पडतो. पण दुसऱ्या खेपेला अनेकदा पेनड्राइव्हही नवा असतो, बूट मेनूतली ओळही दुसरी असते, आणि श्रेय मात्र फॉरमॅटला मिळतं. एका वेळी एकच गोष्ट बदलली, तरच नक्की कशाने काम झालं ते कळतं. दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे : सामान्य माणसाने हे सगळं का शिकावं? '०x८००७०२५डी' असला आकडा तोंडावर फेकणाऱ्या इन्स्टॉलरचा हा दोष आहे आणि तो कंपनीच्याच पदरात घालायला हवा. दुकानदारालाही मी फार दोष देणार नाही. फॉरमॅटचा वेळ त्याला आधी सांगता येतो, निदानाचा सांगता येत नाही, आणि गिऱ्हाईक पैसे देतं ते चालू यंत्राचे.

फक्त, पुसला जाणारा डेटा त्याचा नसतो. जुन्या हार्डडिस्कवर झटपट फॉरमॅटनंतरही फायली परत मिळण्याची बरी आशा असे. एसएसडीवर फॉरमॅटबरोबर ती जागा मोकळी करायला सांगणारा ट्रिमचा आदेश जातो आणि ती आशा जवळपास संपते. मायक्रोसॉफ्ट खात्याने सुरू केलेल्या अनेक यंत्रांत डिस्क आपोआप कुलूपबंद झालेली असते. बायोसमध्ये सिक्युअर बूटला हात लावला की यंत्र ४८ अंकी रिकव्हरी की मागू शकतं. ती सहसा त्या खात्यात लॉगिन केल्यावर मिळते. मिळाली नाही, तर फायली डिस्कवर असूनही आपल्या नाहीत.

तेव्हा संगणक कोणाच्या हाती देण्याआधी त्या पडद्याचा मोबाइलवर फोटो घ्या, आकड्यासकट. काम कुठल्या पायरीवर थांबलं ते सांगा. ४८ अंकांची की कागदावर उतरवून ठेवा आणि उबुंटूच्या पेनड्राइव्हवरून यंत्र सुरू होत असेल, तर आधी फायली बाहेरच्या डिस्कवर काढून घ्या. आणि दुकानात 'डेटा लागणार आहे का?' असं विचारलं, तर घाईत नुसती मान डोलवू नका. लागणार आहे, असं स्पष्ट सांगा.