रमचा प्याला आणि उसाचा हिशेब

हिंदी महासागरातील मॉरिशस बेटावर सुट्टीसाठी जाणाऱ्या पर्यटकांना समुद्रस्नान आणि नौकाविहार यांच्या जोडीला आता आणखी एक करमणूक उपलब्ध असते. सायंकाळी हॉटेलच्या अंगणात माडांच्या सावलीत एक लांबट मेज मांडले जाते. त्यावर लिंबाच्या फोडी, पुदिन्याची पाने, अननसाच्या चकत्या, साखरेचा पाक, बर्फ आणि रमच्या बाटल्या ओळीने ठेवलेल्या असतात. पाहुण्यांना एप्रन दिले जातात आणि एक हसतमुख तरुण त्यांना कॉकटेल स्वहस्ते बनविण्याचे धडे देऊ लागतो. पुदिना किती चेचावा, पाक किती घालावा, भांडे किती वेळ हलवावे, हे तो आपुलकीने दाखवितो. तासाभराने प्रत्येकाच्या हाती स्वतः केलेला प्याला येतो, छायाचित्रे निघतात आणि वर्ग संपतो. पुण्या-मुंबईहून मधुचंद्रासाठी गेलेली जोडपीही आता या वर्गात दिसू लागली आहेत.

आपल्याकडे मद्याचा विषय निघाला की चर्चा ठरावीक दोन वाटांनी जाते. एक वाट नाक मुरडणाऱ्यांची. मद्याने उद्ध्वस्त झालेल्या संसारांची संख्या पाहता त्यांची चिंता निराधार म्हणता येणार नाही. दुसरी वाट, जगाबरोबर चालायचे तर असल्या गोष्टींचे अवडंबर कशाला, असे म्हणणाऱ्यांची. परंतु या दोन्ही वाटा एका साध्या प्रश्नाला वळसा घालून जातात. पर्यटक त्या तासाचे जे पैसे मोजतो ते नेमके कशाचे मोजतो, आणि त्या प्याल्यात जे पडले ते तेथवर कसे आले, हा तो प्रश्न होय. पिणाऱ्याइतकाच न पिणाऱ्यालाही तो विचारता येतो.

पहिली गोष्ट अशी की, या वर्गात जे शिकविले जाते त्यातील बरेचसे त्या बेटाचे नसतेच. मोहितो आणि डायकिरी ही क्युबाची पेये. अननस, नारळाची साय आणि रम यांचे ‘पिन्या कोलादा’ हे पेय पोर्टो रिकोचे. तेथील सान हुआन शहरातल्या एका मोठ्या हॉटेलात १९५४ मध्ये ते प्रथम तयार झाले असे सांगितले जाते, आणि १९७८ मध्ये तर पोर्टो रिकोने त्याला आपले राष्ट्रीय पेय म्हणून मान्यता दिली. अर्ध्या पृथ्वीपलीकडची ही पेये मॉरिशसमध्ये ‘येथील चव’ म्हणून समोर येतात आणि कोणालाही त्यात वावगे वाटत नाही. कारण पर्यटन-व्यवसायाला विशिष्ट बेट विकावयाचे नसते. त्याला माड, वाळू आणि गोड प्याला यांचा मिळून झालेला एक सर्वसाधारण उष्ण प्रदेश विकावयाचा असतो. अशा प्रदेशाला नकाशा लागत नाही आणि इतिहास तर मुळीच लागत नाही.

मॉरिशसला मात्र इतिहास आहे, आणि तो जवळजवळ संपूर्णपणे उसाचा आहे. डचांनी १६३९ मध्ये जावाहून तेथे ऊस आणला. फ्रेंचांनी आफ्रिका व मादागास्कर येथील गुलामांच्या श्रमावर मळे वाढविले. १८१० मध्ये बेट इंग्रजांच्या ताब्यात गेले. १८२५ मध्ये इंग्लंडने मॉरिशसच्या साखरेवरील आयातकर वेस्ट इंडीजच्या साखरेइतका खाली आणला, तेव्हा उसाने सारे बेट व्यापण्यास आरंभ केला. एका कराच्या दरातील बदलाने एका देशाचे भवितव्य कसे ठरते, याचे याहून स्पष्ट उदाहरण अर्थशास्त्राच्या पाठ्यपुस्तकांतही क्वचितच आढळेल. १८३५ मध्ये गुलामगिरी संपली. भरपाई म्हणून वीस लाख पौंडांहून अधिक रक्कम देण्यात आली. पण ती गुलामांना नव्हे, त्यांच्या मालकांना.

मग मळ्यांवर राबण्यासाठी माणसे आणावयाची कोठून? त्याचे उत्तर हिंदुस्थानात शोधले गेले. २ नोव्हेंबर १८३४ रोजी ‘अ‍ॅटलस’ नावाच्या जहाजातून छत्तीस मजूर पोर्ट लुईला उतरले, आणि त्यानंतरच्या सुमारे पाऊण शतकात साडेचार लाखांच्या आसपास हिंदी स्त्री-पुरुष करारबद्ध मजूर म्हणून तेथे पोहोचले. त्यांपैकी बहुसंख्य बिहारी, भोजपुरी, तमिळ आणि तेलुगू होते हे खरे. परंतु मुंबई बंदरातूनही जहाजे सुटली, आणि रत्नागिरी, सावंतवाडी, सातारा या भागांतली माणसे त्यांतून गेली. मॉरिशसमध्ये आजही मराठी शिकविली जाते आणि गणेश चतुर्थीला सार्वजनिक सुट्टी असते, ती या माणसांमुळे.

करार पाच वर्षांचा, मजुरी महिना पाच रुपये आणि शिधा. एक दिवस कामाला गैरहजर राहिल्यास दोन दिवसांची मजुरी कापली जाई. १८६७ च्या कायद्यानंतर करार संपलेल्या मजुरालाही आपले छायाचित्र असलेला परवाना जवळ बाळगल्याविना हिंडण्याची मुभा उरली नाही. प्रत्येकाला क्रमांक होता. ते क्रमांक, ती नावे आणि ती छायाचित्रे मोका येथील महात्मा गांधी संस्थेत जपून ठेवलेली आहेत. हॉटेलातील मेजावरचा पाक आणि रम यांची वंशावळ त्या कागदपत्रांत आहे.

येथे एक आक्षेप घेतला जाईल. सुट्टीवर गेलेल्या माणसाने दोन घटका आनंदात घालवू नयेत काय? प्रत्येक घोटाबरोबर त्याने इतिहासाचे ओझे का वाहावे? आक्षेप रास्त आहे. शिवाय मॉरिशसने पर्यटनाकडे वळण्यात काहीच चूक केलेली नाही. १९६१ मध्ये जेम्स मीड या ब्रिटिश अर्थशास्त्रज्ञाने, ज्यांना पुढे १९७७ मध्ये नोबेल पारितोषिक मिळाले, या बेटाच्या भवितव्याविषयी अत्यंत निराशाजनक निदान केले होते. वाढती लोकसंख्या, एकच पीक आणि वाढता जातीय तणाव यांमुळे तेथे शांततेने विकास होण्याची आशा थोडी, असे त्यांचे मत होते. १९६८ मध्ये स्वतंत्र झालेल्या या छोट्या देशाने ते निदान खोटे ठरविले. १९७५ च्या लोमे करारान्वये युरोपने वर्षाला सुमारे पाच लाख टन साखर हमीभावाने घेण्याचे मान्य केले. साखरेच्या निर्यातीवर कर बसवून सरकारने त्या उत्पन्नातील वाटा लोककल्याणाकडे वळविला. १९७७ पासून माध्यमिक शिक्षण मोफत झाले. कापडउद्योग आला, पर्यटन आले. ऊस तोडणाऱ्यांची नातवंडे शिक्षक, डॉक्टर आणि मंत्री झाली. एवढी वाटचाल करणाऱ्या देशाला उपदेश करण्याचा अधिकार आपल्याला नाही.

पुढे युरोपने २००६ ते २००९ या काळात साखरेचा हमीभाव ३६ टक्क्यांनी खाली आणला. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास त्या बेटावर दोनशेहून अधिक साखर कारखाने होते. आज तीन आहेत. अशा स्थितीत नुसती साखर पोत्यांत भरून विकण्यापेक्षा उसाचे अधिक मोलाचे पदार्थ करावेत, हे शहाणपणाचेच होते. पूर्वी रम बहुतांशी मळीपासूनच होई. २००६ मध्ये थेट उसाच्या रसापासून रम गाळण्यास मुभा मिळाली, आणि २००८ मध्ये शामारेलच्या डोंगराळ भागात तशी भट्टी सुरू होऊन ती पर्यटकांचे आकर्षण ठरली. बो प्लां येथील कारखाना १९९९ मध्ये बंद पडला. आता तेथे साखरेचे संग्रहालय आहे. पोत्यापेक्षा बाटलीत अधिक किंमत, आणि बाटलीपेक्षा प्याल्यात त्याहून अधिक. मूल्यवृद्धीचा हा जिना अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्याला परिचित आहे.

परंतु जिना चढताना वाढलेले मूल्य कोणाच्या पदरी पडते, हा प्रश्न त्यामुळे सुटत नाही. मॉरिशसमधील मोठ्या हॉटेल-समूहांपैकी कित्येकांचे भांडवल मुळात साखरमळ्यांतून आलेले आहे. ज्या घराण्यांकडे मळे होते त्यांच्याकडे समुद्रकिनारा होता, आणि उसाचे दिवस ओसरताच भांडवलाने कारखान्यातून हॉटेलात स्थलांतर केले. काही ठिकाणी उसाच्या जमिनींवर परदेशी धनिकांसाठी बंगले आणि गोल्फची मैदाने उभी राहिली. मेजापलीकडे उभा राहून पुदिना कसा चेचावा ते दाखविणारा तरुण बहुधा त्याच मळ्यांवरील मजुरांचा पणतू असतो. मालकाचा वारस मालक राहिला आणि मजुराचा वारस गणवेशातला नोकर झाला, असे सरसकट म्हणणे अन्यायाचे होईल. पण तो तरुण रोज जी कथा पाहुण्यांना सांगतो तीत त्याच्या पणजोबांना जागा नाही, एवढे मात्र खरे.

दुसरा प्रश्न स्थैर्याचा आहे. २०१९ मध्ये मॉरिशसला तेरा लाखांहून अधिक पर्यटकांनी भेट दिली. हा आकडा देशाच्या लोकसंख्येपेक्षाही मोठा होता. २०२० मध्ये महासाथीमुळे सीमा बंद झाल्या आणि ही संख्या तीन लाखांच्या आसपास आली. २०२१ मध्ये ती आणखी खाली गेली. त्याच २०२० च्या जुलैमध्ये एक मालवाहू जहाज प्रवाळखडकांवर आदळले आणि ऑगस्टमध्ये त्यातील तेलाने आग्नेय किनारा काळवंडला. अन्नधान्याचा फार मोठा भाग आयात करणाऱ्या देशात मेजावरचे प्याले रिकामे राहिले, तेव्हा कित्येकांच्या स्वयंपाकघरांतली भांडीही रिकामी राहण्याची वेळ आली. एके काळी साखरेच्या भावावर बेटाचे जगणे अवलंबून होते. आता ते परक्यांच्या सुट्टीवर अवलंबून राहू लागले. एकपिकी शेतीचा धोका अर्थशास्त्र फार पूर्वीपासून शिकवीत आले आहे. करमणूक हेही एक पीकच आहे, हे अद्याप पुरतेसे उमगलेले नाही.

मग उपाय काय? वर्ग बंद करा, असे कोणी सुज्ञ म्हणणार नाही. त्यातून काही हातांना काम मिळते. मागणी इतकीच की, शिकवणी अर्धवट ठेवू नये. पोर्ट लुईच्या धक्क्यावर ‘आप्रवासी घाट’ आहे. १८४९ मध्ये बांधावयास घेतलेल्या या केंद्रातून मजूर आत घेतले जात. २००६ मध्ये त्याला जागतिक वारशाचा दर्जा मिळाला. जहाजातून उतरलेला माणूस ज्या सोळा पायऱ्या चढून वर येई, त्या आजही तेथे आहेत. हे बेट लहान आहे. कोणत्याही हॉटेलातून घाटावर जाऊन त्याच दिवशी परतता येते. आपल्याकडील प्रवासी संस्थांच्या कार्यक्रमपत्रिकांत खरेदीसाठी अर्धा दिवस राखलेला असतो. त्यातला एक तास या पायऱ्यांना दिला तर कोणाचीही सुट्टी नासणार नाही. आणि वर्गातल्या शिक्षकाने मोहितोआधी चार वाक्ये उसाविषयी सांगितली, तर पाहुण्याचा प्याला कडू होणार नाही. त्याला निदान आपण कोठे आलो आहोत ते कळेल.

परंतु ही शिकवणी खऱ्या अर्थाने पुरी व्हावयाची ती पर्यटक घरी परतल्यावर. महाराष्ट्र हाही उसाचाच प्रदेश आहे. आपल्याकडेही मळीपासून मद्यार्क निघतो, आणि त्यापासून होणाऱ्या दारूच्या करावर सरकारी तिजोरीचा मोठा भार असतो. आपल्याकडेही दर हिवाळ्याच्या तोंडावर बीडसारख्या दुष्काळी जिल्ह्यांतून हजारो कुटुंबे मुकादमाकडून उचल घेऊन ऊसतोडणीला निघतात. नवरा-बायकोचा मिळून एक ‘कोयता’ धरला जातो. आजारपणामुळे किंवा बाळंतपणामुळे एखादा दिवस चुकला तर ‘खाडा’ धरून पैसे कापले जातात. दीडशे वर्षांपूर्वी मॉरिशसच्या मळ्यांवर एका दिवसाच्या गैरहजेरीसाठी दोन दिवसांची मजुरी कापली जाई, हे वाचून हळहळणाऱ्याने आपल्या राज्यातील ‘खाडा’ या शब्दाचा अर्थ एकदा समजून घ्यावा.

पर्यटनाने माणूस शहाणा होतो, असे आपण पिढ्यान्‌पिढ्या सांगत आलो आहोत. हे खरे ठरावयाचे असेल तर परत येताना सामानात रमच्या बाटलीबरोबर एक सवयही यावी: गोड वस्तू हाती येताच ती कोणी पिकविली, कोणी तोडली आणि त्याला काय मिळाले, हे विचारण्याची. विमानतळावरून गावाकडे जाताना, ऐन गळिताच्या हंगामात, रस्त्याने उसाने भरलेल्या बैलगाड्यांची रांग चाललेली असते. गाडीच्या जुवाशी बसलेल्या बाईच्या मांडीवर मूल असते. त्या रांगेमागे मोटार अडकली की आपल्याकडे भोंगा वाजविण्याची रीत आहे. मॉरिशसच्या वर्गात जाऊन आलेल्या माणसाने निदान तेवढा वेळ भोंगा न वाजविता त्या गाड्यांकडे नीट पाहिले, तरी सुट्टीचा खर्च वाया गेला असे म्हणता येणार नाही.