स्वभाषेच्या पडद्याचा कैवार

मराठी प्रेक्षकासाठी स्वतंत्र ओटीटी चालणे शक्य नाही, कारण मराठी माणसाला हिंदी समजते आणि ज्याला हिंदी समजते त्याची सोय बड्या देशी-विदेशी कंपन्यांनी आधीच करून ठेवलेली आहे, हे मत अलीकडे जाणती मंडळीसुद्धा इतक्या निश्चयाने मांडतात की त्याला पुरावा मागण्याची कोणास गरजच वाटेनाशी झाली आहे. आपल्या बीड जिल्ह्यात ह्या मताला आणखी एक पुरवणी जोडली जाते. ज्या मुलखातील माणसे दसरा उलटताच कुटुंबकबिल्यासह ऊसतोडीला बाहेर पडतात, त्या मुलखात पडद्याची आणि वर्गणीची भाषा करणे म्हणजे दुष्काळात विलासाच्या गोष्टी बोलणे होय, असे सांगितले जाते. ही दोन्ही मते मला सर्वस्वी अग्राह्य वाटतात.

प्रथम भाषेचा आक्षेप घेऊ. समजणारी परभाषा हाताशी असली म्हणजे स्वभाषेतील करमणुकीचे प्रयोजन उरत नाही, हा सिद्धांत खरा असता तर तो सर्वांआधी फिलिपिन्समध्ये खरा ठरला असता. जवळजवळ अर्धशतक अमेरिकेच्या अमलाखाली राहिलेल्या त्या देशात इंग्रजी ही आजही राजभाषा आहे, न्यायालयांचे निवाडे इंग्रजीत निघतात आणि अमेरिकन चित्रपट मूळ भाषेतच पाहिले जातात. असे असूनही 2020 च्या मे महिन्यात एबीएस-सीबीएन ह्या तेथील मातबर वाहिनीचा परवाना संपून तिचे प्रक्षेपण थांबले आणि जुलैमध्ये संसदेच्या समितीने तो परवाना पुन्हा देण्याचे नाकारले, तेव्हा त्या संस्थेने हातपाय गाळले नाहीत. 1 सप्टेंबर 2020 रोजी तिने आपल्या दोन सेवा एकत्र करून आय-वॉन्ट-टीएफसी ही ओटीटी उभी केली. महामारीने चित्रपटगृहे बंद पडल्यावर विवा ह्या दुसऱ्या संस्थेने 29 जानेवारी 2021 रोजी विवामॅक्स सुरू केली, आणि पहिल्या वर्षातच तिने आखाती देशांपर्यंत मजल मारली. ह्या विस्ताराचे रहस्य शोधू जाता ते पोटासाठी परमुलखात गेलेल्या माणसात सापडते. सुमारे एक कोटी फिलिपिनी लोक परदेशी राहतात; त्यांत परिचारिका आहेत, खलाशी आहेत, दुसऱ्याच्या घरी राबणाऱ्या मोलकरणी आहेत. त्यांच्यासाठी द फिलिपिनो चॅनेल ही वाहिनी 1994 सालीच निघाली होती, आणि पुढील ओटीटीचा पाया तेव्हाच घातला गेला होता.

आता आपल्याकडे पाहा. 1948 पर्यंत निजामाच्या अमलात असलेल्या ह्या जिल्ह्यात दरबारी कामकाज उर्दूत चाले. कैफियती, दस्तऐवज, सनदा सारे त्याच भाषेत होते आणि पुष्कळांना ती उत्तम अवगत होती. तरीही त्या काळी मोमिनाबाद म्हणविल्या जाणाऱ्या अंबाजोगाईत योगेश्वरी शाळा मराठीसाठी झिजली, आणि स्वामी रामानंद तीर्थांसारख्या पुरुषाने तेथे अध्यापन केले. उर्दू समजते म्हणून मराठी शाळा नको, असे जर त्या पिढीने मानले असते तर मुकुंदराज आणि दासोपंत ह्यांच्या ह्या गावात आज मराठीची काय अवस्था असती ? संख्येचा मुद्दाही टिकत नाही. 2011 च्या जनगणनेत मराठी मातृभाषा सांगणारे 8.30 कोटी होते आणि तेलुगू सांगणारे 8.11 कोटी. तरी तेलुगूत 2020 साली आहा निघाली, बंगालीत 2017 सालीच होईचोई निघाली, आणि दोन्ही रुजल्या. मराठीतही अक्षय बर्दापूरकरांनी प्लॅनेट मराठीचा उपक्रम केला आणि त्यावरील ‘रानबाजार’ ह्या 2022 मधील मालिकेची चर्चा घरोघर झाली. प्रेक्षक नाही, ही सबब ह्यापुढे कोणी सांगू नये.

दुसरा आक्षेप दारिद्र्याचा आहे, आणि तो अधिक गांभीर्याने घेतला पाहिजे. परंतु ऊसतोड मजुराला करमणूक नको असते, हे कोणी ठरविले ? दिवसभर फडात मोळ्या बांधून कोपीवर परतलेला कोयता, म्हणजे ते नवराबायकोचे जोडपे, रात्री मोबाईलवर काही ना काही पाहतोच, आणि कोल्हापुराकडे किंवा कर्नाटकात परक्या शिवारात बसून तो पाहतो तेव्हा गावाकडची बोली कानावर पडण्याची त्याची ओढ मनिलाच्या खलाशाहून तिळमात्र कमी नसते. खरी अडचण वर्गणीच्या रचनेत आहे. वर्षाची रक्कम एकदम भरा, ही अट महिन्याच्या महिन्याला पगार मिळणाऱ्याला सोयीची आहे. ज्याची कमाई मुकादमाकडून उचल म्हणून आधीच हाती येते आणि कर्जफेडीत व लग्नकार्यात खर्ची पडते, त्याला ती गैरसोयीची आहे. त्याला एका चित्रपटापुरते दहा-वीस रुपये देण्याची मुभा असली पाहिजे. फिलिपिन्समध्ये कोपऱ्यावरच्या सारी-सारी दुकानात मोबाईलचे पैसेसुद्धा थोडेथोडे भरता येतात. गरिबाच्या जमाखर्चाला मान देणारा व्यवहार तेथे लहान मानला जात नाही.

स्वभाषेतील ओटीटी शेवटी अश्लीलतेवरच पोसली जाते, असाही एक आक्षेप विवामॅक्सकडे बोट दाखवून घेतला जातो. त्या सेवेने प्रौढांच्या चित्रपटांवर मोठा भर दिला हे खरेच आहे, आणि ते अनुकरणीय नाही. परंतु त्याच देशातील एबीएस-सीबीएनची सेवा कौटुंबिक मालिकांच्या बळावर चालते, एवढ्यानेच हा आक्षेप निकालात निघतो.

राहिला यूट्यूबवर सारे फुकट मिळते हा आक्षेप. सातारा जिल्ह्यातील खेड्यात चित्रित झालेल्या कोरी पाटी प्रॉडक्शनच्या ‘गावाकडच्या गोष्टी’ यूट्यूबवरच लोकप्रिय झाल्या, हे मी आनंदाने मान्य करतो. ग्रामीण बोलीला प्रेक्षक आहे ह्याचा तो उत्तम दाखला आहे. परंतु तेथे कलावंताचा मोबदला जाहिरातींच्या हिशेबाने, परक्या कंपनीच्या मर्जीवर ठरतो, आणि शांतपणे सांगण्याची दीड तासाची गोष्ट त्या हिशेबात बसत नाही. माजलगावचे अभिनेते संदीप पाठक रंगभूमीवर आणि पडद्यावर पोहोचले. त्यांच्यामागून येणाऱ्या धारूर-पाटोद्याच्या मुलाला मात्र आपला चित्रपट दाखविण्यासाठी आजही मुंबईतील दारे ठोठावावी लागतात.

ह्यातून वाट काढता येते. केरळ सरकारने मार्च 2024 मध्ये सी-स्पेस ही सरकारी ओटीटी सुरू केली. तेथे पंचाहत्तर रुपयांत एक चित्रपट पाहता येतो आणि त्यातील निम्मी रक्कम निर्मात्याला मिळते. साडेतीन कोटी लोकांच्या भाषेला जे साधते ते मराठीला साधू नये ह्याला कारण नाही. गोरेगावची चित्रनगरी महाराष्ट्र सरकारच्याच ताब्यात आहे आणि मराठी चित्रपटांना अनुदान देण्याची योजना कित्येक वर्षे चालू आहे. ज्या चित्रपटाला जनतेच्या तिजोरीतून अनुदान मिळते तो ठराविक मुदतीनंतर अशा सरकारी सेवेवर अल्प दरात उपलब्ध झालाच पाहिजे, अशी अट सरकारने घालावी. आणि बीड जिल्ह्याच्या आमदारांनी, पक्षभेद बाजूस ठेवून, येत्या अधिवेशनात ही मागणी सभागृहात मांडावी.