तालमीचे कुलूप आणि जानेवारीचे संकल्प

बडोद्यातल्या जुन्या मराठी घरात वर्ष चार वेळा सुरू होते. दिवाळीनंतर शेजाऱ्यांबरोबर बेसतुं वरस, चैत्रात आपला पाडवा, ज्यांची हयात सरकारी कचेरीत गेली त्यांच्यासाठी १ एप्रिल, आणि अलीकडे या तिन्हींवर कडी करणारी १ जानेवारी. पहिल्या तीन वर्षारंभांना अनुक्रमे वहीपूजन, पंचांग आणि अंदाजपत्रक यांची आठवण होते. शरीराची आठवण मात्र चौथ्यालाच होते. डिसेंबरात लग्नसराई आणि परदेशस्थ मुलांचे आगमन या निमित्ताने यथेच्छ जेवणे होतात आणि ३१ तारखेच्या रात्री संकल्प सोडला जातो : मार्चअखेर दहा किलो वजन उतरवायचे, रोज दहा हजार पावले चालायची, पावसाळ्यापूर्वी दहा किलोमीटर धावायचे. दहा या आकड्यावर लोकांचा एवढा लोभ का, हे आम्हांस उमगलेले नाही.

सुटलेला व्यायाम पुन्हा धरण्याला आमचा विरोध असण्याचे कारणच नाही. २०२४ साली ‘लॅन्सेट ग्लोबल हेल्थ’ या नियतकालिकात जगभरच्या आकडेवारीचे संकलन प्रसिद्ध झाले. त्यानुसार २०२२ मध्ये भारतातील जवळजवळ निम्मे प्रौढ आवश्यक तेवढी हालचालही करीत नव्हते, आणि स्त्रियांत हे प्रमाण पुरुषांपेक्षा बरेच अधिक होते. मधुमेहाने आपल्या घरांत किती ठाण मांडले आहे, हे कोणत्याही मंगलकार्यात बिनसाखरेच्या चहाची मागणी मोजली तरी समजते. तेव्हा लोक उठतात, चालतात, घाम गाळतात, हे चांगलेच आहे. आमचा आक्षेप आहे तो शरीराच्या कामाला कचेरीतील उद्दिष्टपूर्तीचे रूप देण्याला आणि ते काम प्रत्येकाने आपापले, दार लावून, एकट्याने करण्याला. त्याहून मोठा आक्षेप असा की, खाजगी जिममध्ये वर्षाचे पैसे आगाऊ भरणारी हीच मंडळी समाजाची तालीम भाड्याने देण्याच्या ठरावावर अनुमोदक म्हणून सही करतात.

ही गोष्ट काल्पनिक नाही. शहरातील एका जुन्या मराठी संस्थेच्या आवारात मागल्या बाजूस तालीम आहे. संस्थेचे नाव घेण्याचे प्रयोजन नाही. या अंकाचे कित्येक वाचक तिचे आजीव सभासद आहेत आणि आम्हीही आहोत. कौलारू छप्पर, सागवानी मल्लखांब, भिंतीशी टेकून ठेवलेले करेले, कोपऱ्यात लेझिमांचा ढीग, आणि हौद्यातील माती आता अंगणासारखी टणक झालेली. कित्येक वर्षे दाराला कुलूप आहे. ही जागा जिम चालविणाऱ्या एका कंपनीस अकरा वर्षांच्या कराराने द्यावी, असा प्रस्ताव येत्या सर्वसाधारण सभेपुढे यावयाचा आहे. संस्थेला भाडे मिळेल, सभासदांना शुल्कात सवलत मिळेल आणि ‘नव्या वर्षात आरोग्याचा नवा संकल्प’ अशी पत्रिकाही छापून तयार आहे. आमचा हा लेख त्या प्रस्तावाविरुद्ध आहे, हे आरंभीच सांगून टाकलेले बरे.

गुजरातच्या सरकारी भाषेत ‘लक्ष्यांक’ असा एक शब्द आहे. आम्ही नोकरीची सारी वर्षे त्या शब्दाच्या छायेत काढली. अल्पबचतीचा लक्ष्यांक, वृक्षारोपणाचा लक्ष्यांक, नसबंदीचा लक्ष्यांक. मार्च जवळ आला की जिल्ह्याजिल्ह्यांतून आकडे धावू लागत आणि ३१ तारखेस सर्व लक्ष्यांक पुरे होत. रोपे किती लावली याचे पत्रक असे. पुढच्या उन्हाळ्यात त्यांतील किती जगली याचा रकाना पत्रकात क्वचितच असे. कुटुंबनियोजनाच्या क्षेत्रात या पद्धतीने इतका अनर्थ केला की, अखेर एप्रिल १९९६ मध्ये केंद्र सरकारला ते लक्ष्यांक रद्द करावे लागले. आकडा हेच काम ठरले की माणूस आकडा पुरा करतो, एवढेच त्यातून सिद्ध झाले. जी गोष्ट सरकारने तीन दशकांपूर्वी सोडली, ती आता आपण होऊन आपल्या गुडघ्यांवर आणि पोटावर लादण्याची हौस आम्हांस विलक्षण वाटते. मार्चअखेर दहा किलो उतरविण्यासाठी जो उपाशी राहतो त्याची चरबीच उतरते असे नाही, स्नायूही उतरतात. आणि साठी ओलांडलेल्या माणसाने स्नायू गमावणे म्हणजे मुद्दल मोडून व्याज फेडणे होय. वजनकाट्याला हा भेद कळत नाही.

दहा हजार पावलांचीच कथा घ्या. हा आकडा कोणा वैद्याने ठरविलेला नाही. टोकियोच्या १९६४ च्या ऑलिंपिकनंतर जपानमध्ये चालण्याचा उत्साह होता. त्या लाटेत १९६५ साली यामासा या कंपनीने पावले मोजण्याचे यंत्र विक्रीस आणले आणि त्याचे नाव ठेवले ‘मानपो-केई’, म्हणजे दहा हजार पावलांचा मापक. नाव जिभेवर रुळले, यंत्र खपले आणि आकडा आमच्या मनगटापर्यंत आला. पुढे शास्त्रज्ञांनी खरोखर मोजमाप केले, तेव्हा २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या संकलनात असे दिसले की, साठीच्या पुढील माणसांना सहा ते आठ हजार पावलांपर्यंतच बहुतेक लाभ मिळून जातो. म्हणजे सयाजीबागेत रात्री दिवे लागल्यावरही उरलेली दोन हजार पावले पुरी करण्यासाठी पाय ओढणारे आमचे स्नेही जपानी जाहिरातीची सेवा करीत आहेत.

आणि जिमचा व्यवहार? तोही समजून घ्यावा. अमेरिकेतील दोन अर्थशास्त्रज्ञांनी तेथील तीन व्यायामशाळांच्या सुमारे पावणेआठ हजार सभासदांचे तीन वर्षांचे हिशेब तपासले आणि २००६ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध केला. मासिक वर्गणी भरणारे सभासद महिन्यातून सरासरी चार-पाच वेळाच येत. दर खेपेस त्यांना सतरा डॉलरांहून अधिक पडत. वर्गणी न भरता दहा खेपांचा पास काढला असता तर दहाच डॉलर पडले असते. आपण नियमित जाऊ, या स्वतःविषयीच्या समजुतीची ही किंमत होती. हिशेब अमेरिकेचा असला तरी स्वभाव साऱ्या माणसांचा सारखाच. सारे सभासद रोज हजर राहिले तर कोणत्याही जिममध्ये उभे राहण्यास जागा उरणार नाही. न येणाऱ्यांच्या पैशावर येणाऱ्यांची यंत्रे चालतात. आमच्या संस्थेला मिळणारे भाडेही त्याच पैशातून यावयाचे आहे.

मोडलेला व्यायाम पुन्हा सुरू करणाऱ्यास वस्तुतः काय हवे असते? व्यायाम थांबला की दम आधी जातो. दोन-चार आठवड्यांतच त्याचा उतार जाणवू लागतो. ताकद त्यामानाने उशिरा जाते आणि पूर्वी कसलेल्या शरीरात ती लवकर परतते. म्हणून पंचवीस वर्षांपूर्वी जोर काढणारा माणूस पहिल्या दिवशी फसतो. हाताला जुनी आठवण असते, सांध्यांना आणि हृदयाला नसते. जुन्या वैद्यकाने यावर एक सुंदर शब्द देऊन ठेवला आहे : अर्धशक्ती. सुश्रुताने व्यायाम आपल्या बळाच्या निम्म्याइतकाच करावा असे सांगितले आणि त्याची खूणही दिली : श्वास तोंडावाटे येऊ लागला की थांबावे. वाग्भटाने त्यात ऋतूची जोड दिली. थंडीत व वसंतात अर्धशक्तीपर्यंत, इतर काळी त्याहूनही कमी. जानेवारीत आरंभ करणे म्हणूनच योग्य आहे, पण जानेवारीतला उत्साह मात्र अर्धशक्तीचा कट्टर वैरी आहे. अनभ्यस्त माणसाच्या हृदयाला अचानक केलेल्या भारी कष्टांचा धोका अधिक असतो, हे आजचे वैद्यकही सांगते. ज्यांना मधुमेह वा रक्तदाब आहे त्यांनी आधी डॉक्टरांना विचारावे, हे आम्ही वेगळे सांगावयास नको.

सवय जडण्याचेही असेच. लंडनमध्ये ९६ जणांवर झालेल्या एका अभ्यासात नवी सवय अंगवळणी पडण्यास मध्यमान ६६ दिवस लागले. कोणास १८ पुरले, तर कोणास अडीचशेहून अधिक लागतील असा हिशेब निघाला. एखादा दिवस चुकल्याने काही बिघडले नाही. संकल्पवाल्याचे नेमके उलट असते. त्याचा एक दिवस चुकला की संकल्प मोडतो आणि मोडलेला संकल्प पुढच्या १ जानेवारीपर्यंत दुरुस्त होत नाही.

तालमीत हा प्रश्नच उद्भवत नसे. तिथे लक्ष्य नव्हते, नेम होता. नवा पठ्ठा आला की वस्ताद त्याला थोड्या जोर-बैठकांवर ठेवी आणि अंग पाहून संख्या वाढवी. वाढविण्याचा अधिकार पठ्ठ्याचा नसे. दोन दिवस मुलगा दिसला नाही की तिसऱ्या दिवशी कोणीतरी दारात उभा राही. हौद्याची माती कुदळीने खणून, चाळून, तेल-ताक-हळद घालून मऊ ठेवण्याचे काम सर्वांचे असे. ज्याने माती खणली त्याचा अर्धा व्यायाम तिथेच होई. आम्ही जुन्याचे भाट नाही. त्या तालमींत दुखापतीवर अशास्त्रीय उपचारही होत आणि खुराकाच्या नावाखाली बेसुमार तूप-बदाम रिचविले जात. पण आपली कोणीतरी वाट पाहात आहे, ही एक गोष्ट तालमीपाशी होती. मनगटावरचे यंत्र आठवण करते, वाट पाहात नाही.

या शहराला तर हे सांगावे लागू नये. बडोद्याच्या जुम्मादादा व्यायाममंदिरातून राजरत्न प्रो. माणिकराव यांनी व्यायाम हा मूठभर मल्लांच्या मक्त्यातून काढून रांगेत उभ्या असलेल्या सामान्य मुलांच्या हाती दिला. लेझीम आणि सांघिक कवायत यांना शिस्त लावली, कवायतीचे हुकूम इंग्रजीऐवजी देशी भाषेत आणले. माणिकराव १९५४ साली गेले. त्यांच्यापाशी शिकलेले, डभोईस जन्मलेले जगन्नाथ गणेश गुणे पुढे स्वामी कुवलयानंद झाले आणि १९२४ मध्ये त्यांनी लोणावळ्यास कैवल्यधाम काढले. गुजरातभर आखाड्यांची चळवळ नेणारे पुराणी बंधू याच बडोद्याच्या हवेत तयार झाले. आणि दत्तात्रय चिंतामण मुजुमदार यांनी १९३६ ते १९४९ या काळात दहा खंडांचा मराठी व्यायामज्ञानकोश सिद्ध केला, तोही पुण्या-मुंबईत नव्हे, येथे. बृहन्महाराष्ट्रातील मराठी माणसाने आसपासच्या समाजाला काय दिले, असा प्रश्न परिसंवादांतून नेहमी विचारला जातो आणि उत्तरादाखल नाटक, संगीत व श्रीखंड यांची नावे येतात. तालमीचे नाव कोणी घेत नाही. ग्वाल्हेर-इंदूरच्या वाचकांनी आपल्याकडचे पाहावे : मध्य प्रदेशाने २०१३ मध्ये मल्लखांबाला राज्यक्रीडेचा दर्जा दिला. एका राज्याने मानाने उचललेला खांब आम्ही अडगळ म्हणून हलविण्याच्या विचारात आहोत!

प्रतिपक्षाचे म्हणणे आम्ही ऐकले आहे. तरुण पोरे पुण्या-बंगळुरास आणि तिथून कॅनडास गेली, तालमीत येणार कोण, असे ते विचारतात. पोरे गेली हे खरे. मग उरले कोण? आपण. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२० च्या मार्गदर्शनात पासष्टीच्या पुढील माणसांनी आठवड्यातून तीन दिवस तोल सावरण्याचे व ताकदीचे व्यायाम करावेत असे सांगितले आहे, ते पडू नये म्हणून. त्याला सरकते पट्टे लागत नाहीत. भिंत, खुर्ची, काठी आणि शेजारी उभा असलेला माणूस एवढे पुरते. तालमीत हे सारे आहे, फक्त माणूस आत यावयाचा आहे.

दुसरा मुद्दा स्त्रियांचा, आणि तो खरा आहे. जिममध्ये सुना-मुली मोकळेपणी जातात. आपल्या बहुतेक तालमींच्या दारात त्यांना कधी उभे केले गेले नाही आणि लंगोट वाळत घातलेल्या ओसरीवर त्या येणारही नाहीत. पण याचे उत्तर तालीम विकणे नव्हे, तिचे वेळापत्रक बदलणे आहे. दोरीच्या मल्लखांबावर आज मुलीच चमकतात. फेब्रुवारी २०१९ मध्ये मुंबईत झालेल्या पहिल्या जागतिक स्पर्धेत त्या मुलांच्या बरोबरीने उतरल्या होत्या.

राहिला पैसा. भाडे येईल हे निर्विवाद. परंतु गेल्या वर्षीच्या हिशेबपत्रकात गणेशोत्सवातील वाद्यवृंदावर जी रक्कम दिसते, तिच्या निम्म्यात एका शिक्षकाचे वर्षाचे मानधन निघते. उरलेल्यात कौले शाकारून होतील. वाद्यवृंद बंद करा असे आम्ही म्हणत नाही; तो एक रात्र कमी वाजला तरी गणपती रागावणार नाही.

आम्ही आणि आणखी अकरा सभासदांनी कार्यालयात लेखी उपसूचना दिली आहे. कराराचा विषय तीन वर्षे स्थगित ठेवावा; हौद्याची माती पावसाळ्यापूर्वी बदलावी; पहाटे साडेपाच ते साडेसात तालीम सर्वांसाठी, दुपारी चार ते सहा स्त्रियांसाठी आणि त्यानंतर मुलांसाठी उघडावी, मग ती मुले मराठी असोत वा गुजराती; आणि हजेरीची वही ठेवावी. तीन वर्षांत रोजची सरासरी हजेरी वीसच्या खाली राहिली, तर आमची मते कराराच्या बाजूने पडतील. हा वीसाचा लक्ष्यांक इमारतीसाठी आहे, कोणाच्या पोटासाठी नाही. उपसूचनेस पाठिंबा देऊ इच्छिणाऱ्या सभासदांनी सभेपूर्वी सात दिवसांपर्यंत कार्यालयात येऊन सही करावी. घटनेतील नियम तसा आहे.